हॉटेलच्या पत्त्यावर 'कोची' आहे की 'फोर्ट कोची', ते आधी बघा

ताई, शुक्रवारी रात्री पोचायचं, रविवारी संध्याकाळी निघायचं, चित्रं बघायची, समुद्राकाठी निवांत बसायचं, आणि बुकिंगवर नुसतं 'कोची'. दोन दिवसांच्या कोची सहलीबद्दलचा तुमचा हा प्रश्न वाचला आणि आमचीच सहल डोळ्यांसमोर आली. आजच त्या हॉटेलचा पिनकोड बघा. फोर्ट कोचीचा 682001. दुसरा काही असेल तर बहुधा तुम्ही एर्नाकुलममध्ये आहात, म्हणजे मुख्य भूमीवरच्या शहरात, खाडीच्या पलीकडे.

आम्ही बुकिंग एका ऑफिसातून केलं होतं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "सगळं जवळच आहे" हेच उत्तर. हॉटेल निघालं एर्नाकुलमच्या बायपासला. बदलून मागितलं तर ऑफिस म्हणे हॉटेलशी बोला, आणि हॉटेल म्हणे ज्यांनी बुकिंग केलं त्यांच्याशी बोला. शनिवारची अख्खी सकाळ फोनवर गेली, पैसेही परत मिळाले नाहीत. पैशांचं एक वेळ सोडून देते. पण आईला पहाटे फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपाशी बसायचं होतं, कोळी ती जाळी पाण्यात सोडतात ते बघायचं होतं. गुडघ्यांमुळे तिला रोज इतकी ये-जा झेपेना. आम्ही पोचायचो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असायचं. याचं वाईट अजून वाटतं.

बोट आहे, आता वॉटर मेट्रोही आहे, पण रात्री त्या बंद झाल्या की तोप्पुंपडी भागातून गाडीनेच फिरून यावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत: खोली साधी चालेल, पण फोर्ट कोचीतच घ्या. तिथे घरगुती होमस्टे भरपूर आहेत. (तरुण मंडळींना एर्नाकुलम सोयीचं वाटूही शकेल. मी आमच्या अनुभवावरून सांगतेय.)

आणखी एक, शनिवार-रविवारवाल्यांसाठी. फोर्ट कोचीला लागून असलेल्या मट्टांचेरीचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1568 सालचं, शनिवारी बंद असतं. तिथलाच राजवाडा शुक्रवारी बंद. म्हणून मट्टांचेरी रविवारी ठेवा. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं घाईत बघू नका. शनिवारी फोर्ट कोची पायी फिरा: सेंट फ्रान्सिस चर्च, जिथे 1524 मध्ये वास्को द गामाला पुरलं होतं, मग प्रिन्सेस स्ट्रीट, डेव्हिड हॉल हे कलादालन.

बिएनालेसाठी, म्हणजे कोचीतल्या मोठ्या कला प्रदर्शनासाठी जाणार असाल तर ते बारा महिने नसतं, तारखा बघून घ्या. आणि उद्घाटनाच्या आठवड्याचं, पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नका. 2022 मध्ये 12 डिसेंबरचं उद्घाटन अगदी आयत्या वेळी 23 तारखेवर ढकललं होतं, लांबून आलेले लोक तसेच अडकले.

पोहायला तिथला किनारा नाही. हवंच असेल तर रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, समोरच्या वैपिन बेटावर जाऊन पुढे चेराईचा किनारा, पण दोन दिवसांत मी तेही करणार नाही. आणि मुन्नार तर नकोच, अख्खा दिवस गाडीत जातो.

जमलं तर मट्टांचेरीच्या चेरळाई भागात तिरुमल देवस्वम देवळाकडे एक चक्कर मारा. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेल्या सारस्वतांची ही वस्ती. तिथली कोंकणी कानावर पडली आणि आई दोन दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसली.

पिनकोड बघून इथेच कळवा. बदलायचं ठरलं तर फोनवर विसंबू नका, ईमेल करा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत दुसरीकडे पैसे भरू नका.