मोर्चाला जा, पण एसटीवर दगड नको

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

सोमवारच्या मोर्चाला तू जाणार, हे कळलं. जरूर जा. तुमची मागणी रास्त आहे. पण "एसटी फोडल्याशिवाय सरकारला जाग येत नाही" असं जे म्हणालास, ते मला अजिबात पटलेलं नाही.

माझी सगळी नोकरी आगाराच्या वर्कशॉपमध्ये गेली. दगडफेकीतली गाडी आत आली की आधी सीटांच्या फटींतून काचेचे दाणे काढायचे. कितीही झाडा, रेक्झिनच्या शिवणीत एखादा राहतोच आणि पुढे कुणाच्या तरी लेकराला टोचतो. समोरच्या काचेवर दगड बसला की तिला जाळी पडते, ड्रायव्हरला रस्ता दिसेनासा होतो, आणि मागे गाडीभर माणसं बसलेली असतात. नवी काच येऊन बसेपर्यंत गाडी उभी. मग कुठल्या तरी आडगावची मुक्कामी गाडी रद्द होते आणि सकाळी तिनेच शाळेला येणाऱ्या मुली घरी राहतात. यात मंत्र्याचं काय गेलं? तो थोडाच एसटीने फिरतो!

तू पोलीस भरतीची तयारी करतोयस, म्हणून हेही सांगतो. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दल १९८४ चा कायदा आहे. बस फोडली तर सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी, जाळली तर एक ते दहा वर्षं. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो निघतोच. चिथावणारे पुढारी पुढच्या सभेला निघून जातात, कोर्टाचे हेलपाटे तुमच्यासारखी पोरं घालतात. मी पाहिलंय हे, फार वाईट वाटतं.

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठव. नाशिकहून हजारो शेतकरी, आयाबाया पायी मुंबईला आल्या. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांचा खोळंबा नको म्हणून सोमय्या मैदानावरून रातोरात चालत त्यांनी आझाद मैदान गाठलं, तेही तळपाय सोललेले असताना. मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर उतरले. सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं.

तेव्हा सोमवारी स्टँडच्या फाटकाशी तुमची भरवशाची चार पोरं उभी करा. तोंडाला रुमाल बांधलेला, कुणाच्याच ओळखीचा नसलेला माणूस घोळक्यात दिसला तर त्याला पुढे सरकू देऊ नका. आणि कंट्रोलरला आदल्या दिवशीच भेटून गाड्यांच्या वेळा विचारून घे, तेवढा रस्ता मोकळा ठेवा.

तुझा,
काका