पुरावा पुरेसा का पडत नाही?

प्रश्न : माझे पती 47 वर्षांचे आहेत. माझे ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याशी संबंध आहेत, असे गेल्या सात-आठ महिन्यांपासून त्यांच्या मनाने घेतले आहे. रोज संध्याकाळी माझ्या स्कूटरचे किलोमीटर ते एका वहीत टिपून ठेवतात. मी फोन उघडून दाखवला, शपथा घेतल्या, पण काही उपयोग झाला नाही. नोकरी, घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास मात्र ते पूर्वीसारखेच चोख पाहतात. हा आजार म्हणायचा की संशयी स्वभाव? डॉक्टरांकडे यायला ते तयार नाहीत. जेवणातून औषध द्यावे, असे एका नातेवाइकाने सुचवले आहे.

उत्तर : तुमचे पत्र वाचून वाईट वाटले. आपण काहीही केलेले नसताना रोज स्वतःची सफाई देत राहणे माणसाला आतून थकवून टाकते. पत्रावरून निदान करता येत नाही. परंतु तुमचे वर्णन भ्रमविकाराकडे, म्हणजे मनात बसलेली चुकीची खात्री कोणत्याही पुराव्याने न हटणाऱ्या आजाराकडे, बोट दाखवणारे आहे, आणि तपासणी टाळू नये इतके ते स्पष्ट आहे.

संशयी स्वभावाच्या माणसाला पुरावा दिला की तो थोडा तरी वरमतो. भ्रमात नेमके हेच घडत नाही. स्कूटरचे किलोमीटर जास्त भरले तर तुम्ही कुठेतरी गेला होता, आणि बरोबर भरले तर ‘आता ती सावध झाली आहे’, असा अर्थ लावला जातो. म्हणजे पुरावा कोणताही असो, निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. ही खात्री एक महिना किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तिच्या परिघाबाहेरचे वागणे बरेचसे सुरळीत राहिले, आणि ठळक भास, असंबद्ध बोलणे यांसारखी स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराची इतर लक्षणे नसली, तर तज्ज्ञ या विकाराचा विचार करतात. हिशेब चोख आहे म्हणून आजार नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही. हजारातील सुमारे दोघांना आयुष्यात कधीतरी हा विकार होतो आणि बहुधा तो मध्यम वयात किंवा त्यानंतर दिसू लागतो. कोणीतरी आपल्या वाईटावर आहे हा भ्रम सर्वांत जास्त आढळतो. जोडीदाराच्या निष्ठेविषयीचा भ्रम पुरुषांमध्ये अधिक दिसतो.

म्हणून यापुढे पुरावे देणे थांबवा. याचा अर्थ त्यांचे म्हणणे मान्य करणे असा मुळीच नाही. ‘मला ते खरे वाटत नाही, पण तुम्हाला किती त्रास होतो आहे हे मला दिसते आहे,’ एवढेच शांतपणे म्हणा आणि विषय तिथेच सोडा. त्रास खोटा नसतो, आणि डॉक्टरांकडे जाण्याची वाटही तिथूनच निघते. ‘तुम्हाला भ्रम झाला आहे, चला’ असे म्हटल्यास ते येणार नाहीत. झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे, यासाठी त्यांचा विश्वास असलेल्या डॉक्टरांकडे ते कदाचित येतील.

जेवणातून औषध मात्र कधीही देऊ नका. ज्याला आधीच फसवणुकीची खात्री आहे, त्याला ते कळले तर त्याच्या संशयाला पहिला खरा पुरावा तुमच्याच हातून मिळेल. शिवाय औषधाचे दुष्परिणाम आणि मात्रा यांवर कोणाचीही नजर राहणार नाही. उपचारांत मनोविकारावरची औषधे आणि जोडीने मानसोपचार असतात. त्यांना वेळ लागतो. काहींचा भ्रम पूर्ण जातो, तर काहींच्या बाबतीत तो राहतो, पण त्याची पकड सैल होते आणि घरात पुन्हा मोकळेपणाने बोलता येते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मत्सराच्या भ्रमातून हिंसा होऊ शकते. पाठलाग, धमकी, बाहेर जाण्यास मज्जाव किंवा हात उगारणे यांतले काहीही घडले, तर आजारी माणूस आहे म्हणून सोसत बसू नका. मुलांसह ताबडतोब सुरक्षित ठिकाणी जा आणि पोलिसांची मदत घ्या. विश्वासातल्या एका व्यक्तीला आजच सारे सांगून ठेवा.

ते यायला तयार होईपर्यंत तुम्ही एकट्या मनोविकारतज्ज्ञांना भेटू शकता. वहीतल्या नोंदी कोणत्या महिन्यापासून सुरू झाल्या, त्या सुमारास दारू वाढली होती का, एखादे नवे औषध सुरू झाले होते का, विसरभोळेपणा जाणवतो का, हे लिहून न्या. कारण असा भ्रम व्यसनातून, औषधातून किंवा मेंदूच्या आजारातूनही उद्भवतो, आणि तसे असल्यास उपचारांची दिशा बदलते.