रात्रीच्या गाडीला होकार देऊ नका

पत्र थोडक्यात : आम्ही नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत. सात-आठ महिने झाले, रोज कुत्ता गोळी घेतो, मधूनमधून गांजाही. माझी एक पाटली त्याने विकली. मिस्टरांनी मारलं, कोंडलं, शपथा घालून पाहिल्या. आता दिरांनी एक व्यसनमुक्ती केंद्र शोधलंय. त्यांची माणसं रात्री गाडी घेऊन येतात आणि मुलाला उचलून नेतात. मग तीन महिने भेट नाही, फोन नाही. मिस्टर तयार आहेत, माझा जीव धजत नाही. पोलीस केस होईल का? कॉलेजात काय सांगू? धाकटी आठवीत आहे. ती शहाणी आहे, तिची काही काळजी नाही. – एक आई

ताई,

आधी सगळ्यात तातडीचं. कुत्ता गोळी म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम. महिनोन्महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टर तिचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करतात. 'चार दिवस टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) काढेल, मग आपोआप शांत होईल' असं म्हणणाऱ्यांच्या ताब्यात मुलगा गेला आणि तिथे रात्री डॉक्टर नसला, तर काय होईल याचा विचार मिस्टरांना करायला लावा. तुमचा जीव धजत नाही, ते अगदी बरोबर आहे. गाडीला नाही म्हणा. घरीही त्याला कोंडून गोळ्या तोडू नका, धोका तोच आहे. फिट आली तर कुणाला विचारत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

याचा अर्थ दाखल करूच नये असा नाही. व्यसनाच्या विळख्यातली बरीचशी मुलं घरी राहून, ओपीडीत येऊन बरी होऊ शकतात. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलाला काही काळ निवासी उपचार लागतील असं मला वाटतं. गोळी रोजची आहे आणि ती सोडवताना चोवीस तास लक्ष लागेल. मात्र हे मी किंवा दिरांनी ठरवायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासून ठरवायचं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथून सुरुवात करा. गोळीच्या आधीपासून त्याला काही त्रास होता का, झोप, भीती, उदासी, हेही तिथेच कळेल. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा तो कधी बोलला असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आता 'तीन महिने भेटायचं नाही' या अटीबद्दल. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे. त्याचं कलम 87 अल्पवयीन मुलांसाठी आहे. त्यानुसार दाखल करण्याआधी दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं असतं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं असतं. आणि मुक्काम असेल तितके दिवस पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने मुलाजवळ राहायचं असतं. दाखल केल्याचं 72 तासांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवावं लागतं आणि मुक्काम 30 दिवसांपुढे गेला तर तेही कळवावं लागतं. साखळीने बांधायला आणि जबरदस्तीने डोकं भादरायला याच कायद्यात मनाई आहे. म्हणजे जे केंद्र आई-वडिलांनाच दाराबाहेर ठेवतं, ते पहिल्या दिवसापासून कायदा मोडतंय. कुठल्याही केंद्रात गेलात तर नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर किती वाजता असतात ते विचारा आणि मुलं जिथे झोपतात ती खोली बघून या. दाखवायला कुरकुर केली तर तिथूनच परत फिरा.

आणि ताई, केंद्र कितीही चांगलं असलं तरी मुलगा परत येणार आहे तो तुमच्याच घरी. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो, कारण व्यसन एकाचं असलं तरी आजारी सगळं घर पडतं. तुमच्या पत्रात मला हेच जागोजागी दिसलं. चोरी करू नये म्हणून तुम्ही त्याला अधूनमधून शंभर-दोनशे देता. पाटलीची गोष्ट सासूबाईंपासून लपवली. मिस्टर मारतात, मग दोन दिवस बोलत नाहीत, मग नवी बॅट आणून देतात. यात तुमचं प्रेम आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण पैसा गोळीला जातोय, आणि आई-बाबा दोघं दोन दिशांना ओढतात हे पोराने केव्हाच ओळखलंय. म्हणून पालकांच्या समुपदेशनाला तुम्ही एकट्या जाऊ नका, मिस्टरांनी यायलाच हवं. ते शनिवारी 'मर्यादेत' घेतात असं तुम्ही कंसात लिहिलंय. मुलगा परतेल तेव्हा घरात बाटली नको, शनिवारचीसुद्धा. ही अट मिस्टरांना जड जाईल, तरी ती मान्य करून घ्या.

परत आल्यावर पहिले काही महिने अवघड असतात. तोच नाका, तेच मित्र, तीच तलफ. पुन्हा एखादी गोळी घेतली तर 'सगळं पाण्यात गेलं' म्हणून हात टेकू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. पाठपुराव्याच्या तारखा सोडणं हेच घसरण्याचं मोठं कारण ठरतं. म्हणून केंद्र निवडतानाच विचारा, घरी गेल्यावर तुम्ही आमच्या संपर्कात किती दिवस राहणार?

पोलिसांची भीती बाळगू नका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64 अ नुसार, थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला मात्र बाल न्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कॉलेजात सांगा, आजारी आहे, उपचार चालू आहेत. ते खरंच आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'धाकटी शहाणी आहे, तिची काही काळजी नाही.' घरात भांडण पेटलं की अशी मुलं आपलं दप्तर उचलून कोपऱ्यात जातात, काही मागत नाहीत, आजारीसुद्धा पडत नाहीत. सगळ्यांना वाटतं किती समजूतदार! तिला दादाबद्दल काय काय माहीत आहे, ते तुम्हाला माहीत नसेल. कदाचित गोळ्या कुठे लपवतो तेही ती जाणत असेल, आणि सांगितलं तर बाबा मारतील म्हणून गप्प असेल. तिला नीट सांगा की दादाला आजार झालाय, त्यात तिची काहीही चूक नाही, आणि त्याला सांभाळणं हे तिचं काम नाही. समुपदेशकांकडे तिलाही न्या.

मुलाला फसवून नेऊ नका. तो थोडा भानावर असेल अशा वेळी, बहुधा सकाळी, तुम्ही दोघांनी एकत्र बसून सांगा : गोळी एकदम बंद करणार नाही, डॉक्टर हळूहळू सोडवतील, आणि राहावं लागलं तर आमच्यापैकी एक जण तुझ्याजवळ राहील. तो चिडेल, नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. तोवर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर तुम्ही स्वतः फोन करा, जवळची सरकारमान्य केंद्रं ते सांगतात. रात्री-अपरात्री मन सैरभैर झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि दिरांना आजच कळवा की गाडी रद्द करा.