स्वागत कशाचं, ते वाच

अगं,

रात्री एक वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी पाहिला. ‘व्हेनेझुएलातील निकालाचे ब्राझीलकडून स्वागत’ हा तुझा मथळा डेस्कवर कापला गेला, ते अजून तुझ्या डोक्यातून जात नाही. ब्राझीलच्या निवेदनात ‘स्वागत’ होतं की, म्हणतेस.

होतं. पण कशाचं? २८ जुलै २०२४ ला व्हेनेझुएलात अध्यक्षपदासाठी मतदान झालं, तिथल्या निवडणूक मंडळाने ५१.२ टक्के मतं दाखवून तेव्हा सत्तेत असलेल्या मादुरोंना विजयी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ब्राझीलने स्वागत केलं ते मतदान शांततेत पार पडल्याचं. पुढे काय? मतमोजणीकडे लक्ष आहे, आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर करा. मादुरोंचं अभिनंदन त्यात शोधून दाखव!

हा पळपुटेपणा आहे, हे तुझं मत. असेलही. १ ऑगस्टला अमेरिकेने विरोधी उमेदवार गोन्झालेझच जिंकले असं म्हटलं. रशिया आणि चीन आधीच मादुरोंचं अभिनंदन करून मोकळे झाले होते. ब्राझीलची सीमा व्हेनेझुएलाला लागून आहे, त्याला दोन्हीकडची दारं उघडी हवीत. पण त्यावर रागवायला अग्रलेखाचं पान आहे. बातमीत आधी स्वागत कशाचं, ते वाच.

हे मी कुठे शिकलो? २२ नोव्हेंबर २००४. युक्रेनच्या अध्यक्षीय निवडणुकीचा अधिकृत निकाल यायचा होता आणि पुतिन यांनी त्यातले एक उमेदवार यानुकोविच यांचं अभिनंदन करून टाकलं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायला दहा मिनिटं. मी ठोकून दिलं, ‘यानुकोविच विजयी’. शेजारचे म्हातारे उपसंपादक म्हणाले, “पुतिन यांच्याकडून अभिनंदन, एवढंच द्या.” मला वाटलं, भित्रा माणूस. ३ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेरीच रद्द केली. २६ ला पुन्हा मतदान झालं आणि त्यांचे प्रतिस्पर्धी युश्चेन्को सुमारे ५२ टक्के मतं घेऊन आले.

तरी एक सांगतो. २४ नोव्हेंबरला तिथल्या आयोगाने यानुकोविच यांनाच विजयी घोषित केलं होतं. म्हणजे काही दिवस माझा मथळा बरोबरच होता की! वीस वर्षं हे सांगतोय, कुणी विचारत नसताना.

आपल्या परराष्ट्र खात्याचं २४ सप्टेंबर २०१८ चं निवेदन काढ, मालदीवचं. तिथल्या अध्यक्षीय निवडणुकीत सोलिह जिंकले असं म्हणताना आधी ‘प्राथमिक माहितीनुसार’ घातलंय. घाई केली, पण पाय मोकळा ठेवून. जागा कमी पडली की डेस्कवर नेमके हेच शब्द उडतात. मीही उडवलेत. तू उडवू नकोस, हवं तर विशेषणं काप.

तर तो मथळा नव्याने करून पाठव. ‘स्वागत’ ठेवलंस तर त्याच्या आधीचा शब्द मी पहिल्यांदा बघणार. आणि एक वाजता नको, हल्ली मी दहालाच झोपतो.