आजीच्या डब्यातले 1918 चे दोन रुपये: कोणता वरचा?

आजीच्या डब्यातल्या दोन रुपयांचे फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, यातला वरचा कोणता. इतवारीतल्या सराफाने पांढऱ्याशुभ्र रुपयाला जास्त भाव सांगितला आणि निळसर-जांभळ्या कडेचा ‘धुऊन आणा’ म्हणून परत केला, याचं नवल नाही. त्याचा हिशेब वजनाचा: 11.66 ग्रॅम, त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी. संग्राहकाचा हिशेब निराळा. निळा धुऊ नका. फोटोंवरून तरी मला तोच वरचा वाटतो.

आधी रंग विसरा, झीज बघा. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट, कान, मिशी आणि झग्यावरचा हत्ती हे उंच भाग आधी झिजतात. तिथे चांदी सपाट, मळकट-राखाडी झाली असेल तर नाणं चलनात फिरलंय. पण ठसाच कच्चा बसला असेल तर तपशील नसूनही चमक तशीच राहते. ही झीज नव्हे, आणि नवखे इथेच हमखास फसतात. नाण्याची अवस्था अंकांत सांगणाऱ्या शेल्डनच्या 1 ते 70 च्या मोजपट्टीवर न फिरलेलं नाणं 60 पासून सुरू होतं. हत्तीवर घासल्याची नुसती पुसट खूण असली तरी ते 58 च्या वर जात नाही.

मग चमक. एकाच बल्बखाली नाणं तिरपं धरून हळूहळू फिरवा. मूळ चमक शाबूत असेल तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. टाकसाळीत ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, त्यातून उमटलेल्या बारीक रेषांचा हा खेळ. तुमच्या पांढऱ्या रुपयावर तो दिसत नाही. एका दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. आपल्याकडे दर लक्ष्मीपूजनाला चांदीची नाणी चिंचेने नाहीतर पावडरने घासून लख्ख करतात, हा बहुधा त्याचाच प्रताप. (आजीला दोष देऊ नका, तिच्यासाठी ती लक्ष्मी होती.) अशा नाण्याला ग्रेडिंग कंपन्या (नाणं तपासून त्याला या मोजपट्टीवरचा अंक, म्हणजे ग्रेड, देणाऱ्या) बहुधा अंक न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात.

आता टोनिंग, म्हणजे नाण्यावर काळाने चढलेला रंग. हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. थर वाढतच गेला तर शेवटी काळपट, निर्जीव, आणि मग खालची चमकही जाते. खऱ्या टोनिंगमध्ये हा क्रम कडेकडून आत सलग उतरतो आणि रंगाखालून चमक फिरताना दिसते. अक्षरांच्या आडोशाला रंग थोडा फिकाही राहतो. गॅसवर तापवून किंवा गंधक लावून रंगवलेल्या नाण्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखे भडक रंग क्रम सोडून उमटतात आणि ओरखड्यांत जाऊन बसतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत क्रम बरोबर दिसतो.

नजरेत भरणं ही गोष्ट मात्र निम्मी चवीची आहे. एकाच ग्रेडची दोन नाणी शेजारी ठेवली तर गालावर मोठा ओरखडा असलेलं मागे पडतं. तोच ओरखडा केसांत लपला तर कुणी बोलत नाही. मला स्वतःला पातळ सोनेरी छटा आवडते, इंद्रधनुष्यासाठी चौपट पैसे मोजणाऱ्यांशी माझं पटत नाही.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. 1918 चे रुपये भरपूर पाडले गेले. त्यासाठी अमेरिकेने आपल्या पिटमन कायद्याखाली स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून चांदी पुरवली होती. म्हणजे साल दुर्मिळ नाही, जे काही मोल आहे ते अवस्थेचं. निळ्याच्या हत्तीवर झीज नाही याची 5 ते 10 पटींच्या भिंगाने खात्री झाली, तरच स्लॅबिंगचा, म्हणजे ग्रेड करून सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत घालून घेण्याचा, खर्च करा. पांढरा घरीच ठेवा, पूजेला.

आणि नाणी मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवली असतील, तर दोन्ही आजच बाहेर काढा. ते प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असतं. आपल्या उन्हाळ्यात कपाट तापलं की त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकची) पाकिटं घ्या, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि नाणं नेहमी कडेनेच धरा.