तीन मुलं आणि फ्रिजवरचं एक वेळापत्रक

“सुट्टी लागली की तिघंही मोबाइलवर. एकत्र खेळायला बसवलं तर भांडणं. काय करू?” हे विचारणाऱ्या आईची मुलं चार, नऊ आणि चौदा वर्षांची होती. फ्रिजवर वेळापत्रक लावलेलं: पाच ते सात, तिघांनी मिळून कॅरम, पत्ते, चित्रकला. चार दिवसांत ते बंद पडलं.

काहीही न बदलता तीन दिवस नुसती नोंद ठेवायला सांगितली: मोबाइल हातात केव्हा आला, त्याआधी काय चाललं होतं. धाकट्याला तो आईच्या स्वयंपाकाच्या वेळी मिळत होता, मधलीला “कंटाळा आला” म्हटल्यावर पाच मिनिटांत. थोरला रात्री दार लावून मित्रांबरोबर गेम खेळत होता.

चौथ्या वर्षी आपली पाळी येईपर्यंत थांबणं अवघड जातं. सोंगट्या उधळणं हा खोडसाळपणा नव्हे. त्याला ओट्याजवळच कणकेचा गोळा आणि दोन वाट्या दिल्या. (चणे-वाटाणे नकोत, मुलं ते नाकात घालतात.) जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार या वयात दिवसभरात 180 मिनिटं हालचाल हवी आणि बसून स्क्रीन बघणं जास्तीत जास्त तासभर.

नऊ वर्षांची मुलगी नियमांवरून भांडते, कारण नियम ठरवणं हाच तिच्या खेळाचा मोठा भाग असतो. मारामारी होत नसेल तर निवाडा करायला जाऊ नये. कंटाळ्यावर आई एकेक पर्याय सुचवायची, मुलगी एकेक नाकारायची. त्याऐवजी पुठ्ठे, सुतळी, चिकटपट्टी, कात्री आणि जुनी कॅलेंडरं एका खोक्यात ठेवली आणि वीस मिनिटं काहीच सुचवायचं नाही असं ठरलं. पहिले दोन दिवस चिडचिड झाली. ती होतेच, आणि बरेच पालक तिथेच मोबाइल देऊन मोकळे होतात.

थोरल्यासाठी गेम म्हणजे मित्रांचा कट्टा. फोन काढून घेतला तर मित्रही तुटतात. रोजचा तंटा व्हायचा तो चालू मॅचमध्ये फोन ओढल्यामुळे. आता साडेनऊला “ही शेवटची मॅच” एवढंच सांगायचं आणि दहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर जायचं, कोण काय बोललं याची चौकशी नाही. झोप उडाली, शाळा टळू लागली किंवा मित्रांना भेटणंच थांबलं, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावं.

तिघांचं एकत्र खेळणं रविवारच्या अर्ध्या तासाच्या लगोरीपुरतं उरलं. धाकटा तिथे लिंबूटिंबू, फरशीचे तुकडे रचून देतो.