जॉब्झची मधली वर्षं वगळू नकोस

कंपनी काढायची म्हणून स्टीव्ह जॉब्झबद्दल वाचतोयस, चांगलं आहे. पण १९८५ मध्ये तो ॲपलमधून बाहेर पडला, की थेट आयफोनवर उडी मारू नकोस. (अधिकार काढून घेतले होते हे खरं, पण राजीनामा त्याने स्वतःच दिला.) मध्ये त्याने काढलेल्या ‘नेक्स्ट’ या संगणक कंपनीकडे नीट बघ.

विद्यापीठांसाठी म्हणून त्याने १९८८ मध्ये काळा, घनाकृती संगणक आणला. किंमत ६,५०० डॉलर! विद्यापीठांना हवा होता याच्या निम्म्याहून स्वस्त. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला देखणा स्वयंचलित कारखाना उभा राहिला, पण मागणीच नव्हती. शेवटी १९९३ मध्ये हार्डवेअर बंद केलं आणि सॉफ्टवेअर तेवढं ठेवलं. माझ्या मते या मधल्या वर्षांतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. सॉफ्टवेअर खरंच पुढचं होतं. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब ब्राउझर १९९० मध्ये नेक्स्टच्या संगणकावरच लिहिला. इकडे ॲपलची नवी ऑपरेटिंग सिस्टिम काही केल्या पुरी होईना, म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी नेक्स्ट विकत घ्यायचं ठरवलं. ॲपलच्या मॅक संगणकांची पुढची ऑपरेटिंग सिस्टिम, मॅक ओएस टेन, त्याच पायावर उभी राहिली.

पिक्सार या त्याच्या ॲनिमेशन कंपनीचंही वाच, पण तिथे त्याने वर्षानुवर्षं पदरचे पैसे ओतले होते हे विसरू नकोस. ॲपलचे शेअर विकून आलेली मोठी पुंजी त्याच्या गाठीशी होती. तुझ्याकडे तशी नसेल, तर कारखान्याआधी गिऱ्हाईक शोध आणि किंमत त्यालाच विचार.